सैल आणि घट्ट

आमच्या ऑपरेशन थिएटरमधला ट्रे पहिल्यांदा पाहणारा मेडिकलचा विद्यार्थी जरा दचकतो. हातोडा, पटाशी, करवत, ड्रिल, कानस, खुब्याची खोबण कोरायचे अर्धगोल रीमर, सगळं स्टीलचं, निर्जंतुक, हिरव्या कापडावर ओळीने मांडलेलं. पेशंटला कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलेलं असतं. म्हणजे तो जागाच असतो आणि पडद्यापलीकडची ठोकाठोक त्याला स्वच्छ ऐकू येते. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम त्यावर उपाय म्हणून हेडफोन देतात. बहुतेकांना भीमसेनांचे अभंग हवे असतात. एका आजींनी मात्र मॅचची कॉमेंट्री मागितली. विकेट पडली की त्या आनंदाने ओरडायच्या आणि मला हात थांबवावा लागायचा.

पुण्यात खुबा आणि गुडघा बदलण्याची ऑपरेशनं करायला लागून मला वीसएक वर्षं झाली. बाई म्हणून सुरुवातीला हमखास एक प्रश्न यायचा: ‘मॅडम, हातोडा झेपतो का?’ विचारणारे बहुधा पेशंटचे जावई असत. हातोडा स्वतःच्या वजनाने काम करतो, जोर लावणारा हाड फोडून बसतो, हे सांगून त्यांना पटत नसे. सासूबाई सहा महिन्यांनी पर्वती चढून आल्या की पटायचं.

खरं तर हातोडा-करवत हा या कामातला सोपा भाग आहे. हाड किती कापायचं, कुठे आणि कोणत्या कोनात, यासाठी मापं आहेत, साचे आहेत, आता रोबोही आले. अवघड आहे ते हाडाभोवतीचं सगळं: दोन हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध, स्नायू, सांध्याची पिशवी. ते कुठे आखडलंय आणि कुठे ढिलं पडलंय हे एक्स-रेत दिसत नाही. हाताला कळावं लागतं, आणि तसा हात तयार व्हायला फार वर्षं जातात. लोक विचारतात, गुडघा बदलायला तास-दीड तास लागतो तर एवढं शिकायचं काय असतं? त्याचंच हे थोडं विस्ताराने उत्तर.

माझं एमबीबीएस मिरजेला झालं आणि एमएस पुण्यात, ससूनला, नव्वदच्या दशकाच्या शेवटी. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून 1867मध्ये उभं राहिलेलं रुग्णालय आणि त्याला जोडलेलं बी. जे. मेडिकल कॉलेज. हाडांचा डॉक्टर होण्यासाठी याहून योग्य शहर तेव्हा शोधून सापडलं नसतं. गल्लोगल्ली दुचाक्या, आणि हेल्मेटला विरोध करणं हे तर पुणेकराचं नागरी कर्तव्यच. आमच्या युनिटचा इमर्जन्सी डे असला की रात्रभर ट्रॉल्या येत राहायच्या. सोलापूर रोड, नगर रोड, कात्रज घाट अशा नावांनीच आम्ही पेशंट लक्षात ठेवायचो.

पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला कुणी सर्जन समजत नाही, तोही स्वतःला समजत नाही. रक्ताच्या पिशव्या आणायच्या, हरवलेले एक्स-रे शोधायचे, मोडलेल्या मांडीला ट्रॅक्शन लावून वजनं लटकवायची. आणि प्लास्टर घालायचं. प्लास्टर रूममध्ये निवृत्तीला आलेले एक मामा होते. मी पहिलं प्लास्टर घालत असताना त्यांनी माझं मनगट धरलं. ‘मॅडम, बोटं नाही, तळवा.’ ओल्या प्लास्टरमध्ये बोटं रुतली की आतून उंचवटा राहतो, तो वाळल्यावर कातडीला टोचत राहतो आणि आठवडाभरात खाली जखम होते. पुढे पाठ्यपुस्तकात हीच सूचना वाचली. मामांनी ते पुस्तक उघडलेलं असण्याची शक्यता कमीच.

सांधा बदलण्याशी माझी पहिली गाठ पडली ती ‘ऑस्टिन मूर’मुळे. साउथ कॅरोलायनाच्या ऑस्टिन मूर यांनी 1940मध्ये सहकाऱ्याच्या मदतीने माणसाच्या खुब्यात धातूचा सांधा बसवला. पुढे त्यांनी घडवलेला, दांड्याला खिडक्या असलेला धातूचा गोळा जगभर गेला आणि स्वस्त असल्यामुळे आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत दीर्घकाळ टिकला. तो कुणाला बसवायचा? ओल्या मोरीत पाय घसरून खुबा मोडलेल्या आजीला. घरच्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, आजही असतं: ‘वय झालंय, आता कशाला चिरफाड?’ पण आजी अंथरुणाला खिळली की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, आणि ती जाते ती मोडलेल्या हाडाने जात नाही, न्यूमोनियाने जाते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातला एक ते तिघांतला एक वर्षभरात दगावतो, असे जगभरातले आकडे आहेत. पहिल्या एक-दोन दिवसांत ऑपरेशन झालं तर हा धोका कमी होतो. आजीने पुन्हा धावावं अशी अपेक्षा कुणाचीच नसते. तिला दुसऱ्या दिवशी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवता यावं, एवढ्यासाठी ते ऑपरेशन असतं.

मी रेसिडेंट असतानाच, ऑक्टोबर 2000मध्ये, पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलला गेला आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये उजवा. ऑपरेशन करणारे डॉ. चित्तरंजन राणावत इंदूरला शिकून अमेरिकेत गेलेले. न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि अभियंता पीटर वॉकर यांच्याबरोबर सत्तरच्या दशकात त्यांनी जो कृत्रिम गुडघा घडवला, त्याच्याच वंशातले गुडघे आज आम्ही बसवतो. दूरदर्शनवर ती बातमी रोज असायची. तोपर्यंत आमच्या ओपीडीतल्या बायका गुडघेदुखी ही वयाबरोबर येणारी गोष्ट म्हणून तेल चोळत बसलेल्या. त्यानंतर त्या ‘वाजपेयींचं केलं तसं’ म्हणून विचारायला लागल्या. मीही याच वाटेला जायचं ठरवलं, त्यात या बातमीचा हात होता.

आज हाडांचा डॉक्टर व्हायला एमबीबीएसनंतर नीट-पीजी, मग तीन वर्षांचं एमएस किंवा डीएनबी. त्यानंतर सांधा बदलण्यासाठी वेगळी पदवी कायद्याने लागत नाही, हे फार लोकांना माहीत नसतं. ज्याने फ्रॅक्चरं जोडण्यात आयुष्य घालवलं तोही गुडघा बदलू शकतो आणि ज्याने दुसरं काहीच केलं नाही तोही. म्हणून फेलोशिपला महत्त्व आलं. जिथे रोज सांधे बदलले जातात अशा ठिकाणी सहा महिने किंवा वर्षभर राहायचं, काही जण पुढे जर्मनी, कोरिया, इंग्लंडलाही जातात. एखादा सर्जन वर्षाकाठी फार थोडे सांधे बदलत असेल तर त्याच्याकडे गुंतागुंत जास्त होते, हे अनेक देशांच्या अभ्यासांत दिसलंय. तेव्हा ‘डॉक्टर, तुम्ही महिन्याला अशी किती ऑपरेशनं करता?’ हा प्रश्न पेशंटने बेधडक विचारावा. रागावणाऱ्या डॉक्टरकडे जाऊ नये.

फेलोशिपची शिडी उलटी असते. आधी शिकायचं ते शेवटचं काम, टाके घालणं. मग पाय धरणं. पाय धरणं हे हमाली वाटतं, पण दीड तास एकाच कोनात पाय धरणाऱ्याला त्या गुडघ्याची सगळी ओढाताण आपल्या दंडात जाणवते. मग कातडी उघडणं, मग नडगीच्या हाडाचा काप, मग मांडीच्या हाडाचे काप, आणि सर्वांत शेवटी तोल साधणं. माझे सर काप झाल्यावर मधल्या फटीत मापाचा ठोकळा सरकवायचे, माझ्या हातात पाय द्यायचे आणि म्हणायचे, ‘डोळे मीट आणि हलवून सांग, कुठल्या बाजूला उघडतंय.’ मी सांगायचे. ते फक्त ‘पुन्हा’ म्हणायचे. हे कितीतरी महिने चाललं. एके दिवशी त्यांनी ‘पुन्हा’ म्हटलं नाही आणि सिस्टरकडे सिमेंट मागितलं.

गुडघा बदलतात म्हणजे नेमकं काय होतं? लोकांना वाटतं, जुना काढून नवा घालतात. तसं नाही. मांडीच्या हाडाच्या टोकाला आणि नडगीच्या माथ्याला गुळगुळीत कूर्चेचा काही मिलिमीटर जाडीचा थर असतो. त्याला ना रक्तवाहिन्या ना मज्जातंतू, म्हणून झिजायला लागला तर दुखत नाही आणि झिजला की भरून येत नाही. दुखायला लागतं तेव्हा खालचं हाड हाडाला लागायला आलेलं असतं. त्यातून जिना उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो. आपल्याकडे झीज बहुधा आतल्या बाजूने होते, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात आणि आजी डुलत चालायला लागतात. आम्ही मांडीच्या हाडाचं टोक साधारण नऊ मिलिमीटर कापतो आणि तेवढ्याच जाडीचं कोबाल्ट-क्रोमचं आवरण चढवतो. नडगीचा माथा सपाट करून त्यावर धातूची बैठक आणि तिच्यावर पॉलिथिलीनची गादी बसवतो. लोक ‘वाटी बदलली’ म्हणतात, पण वाटी पुष्कळदा आहे तशीच ठेवतात.

आता तोल. वर्षानुवर्षं असा धनुष्यासारखा वाकलेल्या पायात आतले अस्थिबंध आखडून गेलेले असतात आणि बाहेरचे ताणून ढिले पडलेले. काप अगदी मापात घेतला, धातू उत्तम प्रतीचा बसवला, तरी बाजेची नवार एका बाजूला करकचून आणि दुसऱ्या बाजूला सैल विणली तर झोपणारा रात्रभर एका अंगाला घसरतो, तसं ते होतं. मग आखडलेली बाजू हाडापासून थोडी थोडी सोडवायची. थोडी म्हणजे किती, याला माप नाही. जास्त सोडली तर गुडघा लटपटतो आणि तो दोष दुरुस्त करणं मूळ ऑपरेशनपेक्षा कठीण असतं. शिवाय हा तोल पाय सरळ असताना साधला म्हणजे वाकवल्यावरही साधेल असं नाही. दोन्ही अवस्थांत फट सारखी, दोन्ही बाजूंना ताण सारखा, हे जमेपर्यंत सोडव, ठोकळा घाल, हलव, काढ, असं चालू राहतं. बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. मला विचाराल तर सगळं ऑपरेशन तेवढंच आहे, बाकी तयारी आणि आवराआवर.

मग सिमेंट. पावडर आणि द्रव मिसळला की उग्र वास सुटतो, मिनिटा-मिनिटाला ते घट्ट होत जातं आणि दहा-पंधरा मिनिटांत दगड. थिएटर गरम असेल तर त्याहून लवकर. एप्रिल महिन्यात एसी बिघडला की कोण किती शांत आहे ते कळतं. या वेळात थिएटरमध्ये कुणी बोलत नाही, फोन वाजला तरी कुणी बघत नाही.

खुब्याची गोष्ट वेगळी. तिथे कानाचंही काम आहे. मांडीच्या हाडाच्या पोकळीत दांडा बसावा म्हणून चढत्या मापाच्या कानशी ठोकत जातो. पोकळी भरत आली की ठोक्याचा आवाज बदलतो, बसका असतो तो खणखणीत होतो. तिथे थांबायचं. पुढचा ठोका हाड चिरतो. फेलोंना मी सांगते, माझ्या तोंडाकडे बघू नका, हातोड्याकडे कान ठेवा. मग खुब्याच्या खोबणीत बसवायच्या वाटीचा कोन, दोन्ही पायांची लांबी, आणि मागून जाणारी सायटिक नस. एक पाय सेंटिमीटरभर लांब झाला तरी पेशंटला ते चालताना कळतं, आणि सदाशिव पेठेतला पेशंट टेप घेऊन ओपीडीत येतो.

आजचा कृत्रिम खुबा मुळात इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या रायटिंग्टन रुग्णालयातला. जॉन चार्नली यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला गोळा छोटा केला, म्हणजे घर्षण कमी. हाडाला धरून ठेवायला दंतवैद्यांकडचं ॲक्रिलिक सिमेंट आणलं. वाटी मात्र टेफ्लॉनची घेतली. ती दोन-तीन वर्षांत झिजून तिच्या कणांनी पेशंटची हाडं पोखरली आणि शेकडो ऑपरेशनं पुन्हा करायची वेळ आली. दुसऱ्या कुणी खचून हे काम सोडलं असतं. चार्नलींनी टेफ्लॉनचे आणि नव्या पॉलिथिलीनचे तुकडे स्वतःच्या मांडीत बसवून घेतले आणि कुठे प्रतिक्रिया उमटते ते पाहिलं. नोव्हेंबर 1962मध्ये त्यांनी पॉलिथिलीनची वाटी वापरायला सुरुवात केली. पेशंटकडून ते वचन घेत, की मृत्यूनंतर हा सांधा आम्हाला तपासायला परत मिळावा. ही हिशेब ठेवायची सवय मला त्यांच्या कौशल्याहून मोठी वाटते.

पाश्चात्त्य देशांत खुबा बदलतात ते प्रामुख्याने म्हातारपणच्या झिजेने. आमच्याकडे मोडलेल्या खुब्याच्या आजी सोडल्या तर खुब्याचे पेशंट पुष्कळदा तरुण असतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड आतून मरतं आणि काही महिन्यांत गोळा दबतो. दारू, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, विदर्भातून येणाऱ्यांत सिकल सेल, अशी कारणं असतात. कधी कारण सापडतही नाही. कोविडनंतर हिंजवडीत काम करणारी तिशी-पस्तिशीची मुलं जांघेत दुखतंय म्हणून यायला लागली, आजारपणात स्टेरॉइड घेतलेली. सुरुवातीला एक्स-रे साफ असतो, एमआरआयमध्ये पकडता येतं, आणि तेव्हाच पकडलं तर गोळा वाचवायचा प्रयत्न करता येतो. शिवाय खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या प्रत्येकाचा खुबा मी हलवून बघते. गुडघ्याला मलम लावून, इंजेक्शनं घेऊन वर्ष गेलेली आणि मूळ दुखणं खुब्यात सापडलेली माणसं मी पाहिली आहेत.

पुण्यात हाडांची गोष्ट संचेतींशिवाय पुरी होत नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना ज्या चौकाचं नाव आपण घेतो ते त्यांच्याच रुग्णालयाचं. डॉ. कांतिलाल हस्तीमल संचेती हे बी. जे.चे विद्यार्थी. त्यांनी 1965मध्ये रुग्णालय सुरू केलं आणि 2012मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. मला त्यांच्या कामात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ‘इंडस’, भारतीय पेशंटसाठी आखलेला देशी बनावटीचा कृत्रिम गुडघा. बाहेरून येणारे गुडघे खुर्चीत बसणाऱ्या, मोठ्या हाडांच्या माणसांसाठी बनलेले. आपल्याकडच्या ठेंगण्या बाईला त्यातलं सर्वांत लहान मापही कडेला मोठं व्हायचं आणि बाहेर आलेला धातू मऊ भागाला घासायचा. वाकण्याचंही तेच. खुर्चीतून उठायला गुडघा 90-95 अंश वाकला की भागतं, जिन्यालाही जवळपास तेवढाच. उकिडवं बसायला 130च्या पुढे जावं लागतं. पूजेला मांडी घालणं, भारतीय संडास, जमिनीवरची पंगत यांचा विचार गुडघ्याच्या आराखड्यातच व्हायला हवा, ही मागणी पुण्यातल्या माणसाने करावी हे योग्यच झालं. आता परदेशी कंपन्याही लहान मापं आणि जास्त वाकणारे गुडघे देतात.

तरी काकूंचा प्रश्न राहतोच: ‘मग मी खाली बसू का?’ माझं मत असं. गुडघा वाकतो म्हणून रोज जमिनीवर ऊठबस करायची नाही, गादीच्या मागच्या कडेवर भार येतो. सत्यनारायणाला चौरंग घ्या, संडास कमोडचा करा, नातवाला मांडीवर घ्यायला सोफा आहे. माझे काही सहकारी याहून सैल आहेत, काही कडक. आषाढात वारीचं विचारणारेही असतात. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. सपाटीला चाला, दिवे घाटात गाडीत बसा, असं मी सांगते. ते मान डोलावतात, आणि घाट चढताना काढलेले फोटो नंतर मला पाठवतात.

ओपीडीत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मी ऑपरेशन नको म्हणते. दुखणं खूप आणि एक्स-रेत झीज थोडी, अशा माणसाचा गुडघा बदलला तर तो नंतरही दुखतोच. कुणाची कळ कमरेच्या मणक्यातून खाली आलेली असते. कुणाला मांडीचा स्नायू बळकट करून आणि वजन उतरवून दोन-चार वर्षं सहज काढता येतात. गुडघा बदललेल्या पाचांपैकी साधारण एक जण पूर्ण समाधानी नसतो, हा आकडा परदेशी अभ्यासांतला आहे आणि तो मी ऑपरेशनच्या आधीच सांगते. काही जण हे ऐकून उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. बाणेरपासून हडपसरपर्यंतच्या होर्डिंगवर पाचातल्या एकाचा उल्लेख नसतो.

त्या होर्डिंगवर हल्ली रोबो असतो. ओपीडीत मुलगे विचारतात, ‘ऑपरेशन रोबो करणार की तुम्ही?’ मीच करणार. रोबो हाडावर लावलेल्या खुणांवरून पायाचं माप घेतो, करवत ठरलेल्या रेषेबाहेर जाऊ देत नाही, आणि फट किती मिलिमीटर उघडते तेही पडद्यावर दाखवतो. काप अधिक नेमके येतात यात शंका नाही. मी तो वापरतेही. पण पडद्यावर आकडा येतो तो मी पाय किती जोराने ओढला यावर, आणि पेशंट दहा वर्षांनी अधिक सुखी असतो याचा पक्का पुरावा अजून हाती नाही. नवे फेलो आकड्याकडे बघत पाय हलवतात. मी मधूनमधून पडदा बंद करायला लावते.

ऑपरेशननंतरच्या दोन गोष्टींनी माझी झोप जाते. एक जंतुसंसर्ग. शंभरात एखाद-दुसऱ्याला होतो, पण झाला तर बसवलेलं सगळं काढायचं, औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा घालायचा, आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक द्यायचं आणि मग पुन्हा नवा सांधा. म्हणून आधी साखर आटोक्यात हवी, किडलेला दात, चिघळलेलं नख, कातडीवरचं गळू काही नको. आजी म्हणतात, गुडघ्याचं ऑपरेशन आणि डॉक्टर दात बघतायत! दुसरी गोष्ट उशी. दुखतं म्हणून पेशंट गुडघ्याखाली उशी घेतो आणि सून प्रेमाने ती सारखी करून देते. आराम वाटतो, पण पाय किंचित वाकलेला राहतो आणि सहा आठवड्यांत तसाच आखडतो. पहिल्या दिवसापासून टाच उशीवर आणि गुडघा मोकळा, हे आमच्या फिजिओ ताई कानीकपाळी ओरडून सांगतात. राऊंडला गेले की मी आधी पांघरूण उचलून उशी कुठे आहे ते बघते.

खर्चाचं बोलायला हवं. 16 ऑगस्ट 2017ला केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम गुडघ्याची सरासरी छापील किंमत दीड लाखाच्या वर होती, ती जीएसटी सोडून 54,720 रुपयांवर आली. मधल्या साखळीत किती पैसे जिरत होते ते त्या एका रात्रीत सगळ्यांना दिसलं. आमच्या धंद्याला ते लाजिरवाणं होतं आणि आवश्यकही. पण मर्यादा इम्प्लांटला आहे, एकूण बिलाला नाही. खोली, भूल, थिएटर, औषधं, रोबोचे वेगळे, हे सगळं जोडून आकडा बनतो. तो लेखी मागा.

आणि बिलाबरोबर मिळणारी फाइल. तिच्यात इम्प्लांटचे चिकटवलेले स्टिकर असतात: कंपनी, माप, लॉट नंबर. अशी नोंद हाती नसली तर काय होतं ते पाहा. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीने ‘एएसआर’ नावाचा, धातूवर धातू घासणारा खुबा ऑगस्ट 2010मध्ये जगभरातून परत बोलावला. त्यातून सुटणारे कोबाल्ट-क्रोमियमचे कण रक्तात आणि भोवतालच्या स्नायूंत उतरत होते. भारतात सुमारे 4,700 जणांना तो बसवला होता आणि नुकसानभरपाईसाठी समिती नेमली गेली तेव्हा त्यातल्या अनेकांचा ठावठिकाणाच लागला नाही. स्वीडनमध्ये गुडघ्यांची नोंदवही 1975पासून आहे, इंग्लंड-वेल्समध्ये 2003पासून. बदललेल्या शंभर गुडघ्यांतले सुमारे 82 पंचवीस वर्षं टिकतात आणि खुब्यांतले 58च्या आसपास, असा 2019मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अंदाज अशा नोंदवह्यांच्या जोरावरच निघाला. आपल्याकडे खुबा-गुडघा सर्जनांच्या संघटनेने नोंदवही सुरू केली आहे, पण ती प्रत्येकाला बंधनकारक नाही. दहा-पंधरा वर्षांनी गादी झिजून कुणी आलं आणि स्टिकर नसेल, तर कोणत्या कंपनीची कोणत्या मापाची गादी आणायची ते एक्स-रे बघून ओळखत बसावं लागतं. ती जुळली नाही तर नुसती गादी बदलायच्या ऐवजी घट्ट बसलेला धातूही उखडावा लागतो.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशी मी स्वतः ते पान उघडून दाखवते, मोबाइलवर फोटो काढायला लावते. फाइल घर आवरताना रद्दीत गेली, दिवाळीत सापडत नव्हती, मुलगा अमेरिकेला घेऊन गेला, अशी उत्तरं तरीही येतात. नारायण पेठेतल्या एका आजोबांनी मात्र त्या पानाच्या झेरॉक्स काढल्या, एक लॅमिनेट करून खिशात ठेवली आणि मूळ पान बँकेच्या लॉकरमध्ये टाकलं. लॉकर बायकोच्या नावावर आहे आणि किल्ली कुठे आहे ते तिला माहीत नाही, हे त्यांनी पुढच्या तपासणीला येऊन सांगितलं.